नारळपाण्यावर वाढणारे सेल्युलोज: विरजणापासून वाळवणीपर्यंत

गेल्या वर्षी जूनमध्ये गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी, जिवाणू गोड द्रावणावर विणतात ती सेल्युलोजची साय वाढवण्यासाठी मी एकाच विरजणाचे दोन ट्रे एकाच दिवशी लावले. पहिला स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिला, दर दोन-तीन दिवसांनी कोणाच्या ना कोणाच्या हाताने इकडून तिकडे सरकला, आणि साय लवकर जाड व्हावी म्हणून मी त्यात दोन वेळा वरून ताजे द्रावण ओतले. दुसरा ट्रे माळ्यावरच्या कोनाड्यात ठेवला आणि अठरा दिवस त्याला कोणीही शिवले नाही. काढणीच्या दिवशी पहिल्या ट्रेमधली साय बोटाच्या पेराएवढी जाड होती आणि दुसरी तिच्या निम्मीही नव्हती. दोन्ही धुऊन, ताणून वाळवल्यावर मात्र पहिलीच्या कोपऱ्यात नख घालताच तिची तीन पाने सुटी झाली, आणि दुसरीच्या दोन सेंटीमीटर रुंद पट्टीने पाण्याने भरलेली पाच लिटरची बादली उचलून धरली.

नव्याने या कामाला लागणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत जाडीमुळे होते. ओल्या सायीत ९८ ते ९९ टक्के पाणीच असते, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी जाडी प्रामुख्याने पाण्याची असते. वाढ किती झाली हे कोरड्या वजनावरून कळते, आणि मजबुती किती आली हे तंतूंचे जाळे किती दाट, किती अखंड आणि किती स्वच्छ आहे यावर ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक डोळ्यांसमोर ठेवून वाचाव्यात.

हे पदार्थद्रव्य नेमके काय आहे

व्हिनेगर तयार करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा जिवाणू साखरेपासून शुद्ध सेल्युलोजचा तंतू विणतो. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ ए. जे. ब्राऊन यांनी १८८६ मध्ये या सायीचे वर्णन केले, आणि पुढे बराच काळ हा जिवाणू ॲसिटोबॅक्टर झायलिनम या नावाने ओळखला गेला. जुन्या शोधनिबंधांत तेच नाव आढळेल. एक पेशी तासाभरात सुमारे १० कोटी ग्लुकोज रेणू जोडू शकते. कापसात किंवा लाकडात असते तेच हे सेल्युलोज. पण लाकडात तंतूंना चिकटून असणारी लिग्निन आणि हेमिसेल्युलोज ही द्रव्ये त्यात नसतात, आणि त्याची फीत नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी बारीक असते. म्हणून नीट वाळवलेला कागदासारखा पातळ पापुद्राही विलक्षण ताठ असतो. याच ताठपणामुळे सोनी कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या हेडफोनच्या पडद्यांसाठी तो वापरला. फिलिपाइन्समध्ये हीच साय नाटा दे कोको म्हणून खाल्ली जाते, आणि केरळमध्ये 'मलाई' हा उद्योग वाया जाणाऱ्या नारळपाण्यावर ती वाढवून चामड्याला पर्याय तयार करतो. गोव्यात नारळ आपल्या दारातच आहे, तेव्हा कच्च्या मालासाठी लांब जाण्याचे कारण नाही.

विरजण

विरजण दोन प्रकारचे मिळते. पहिले म्हणजे शुद्ध जिवाणू. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रह आणि चंडीगडचा सूक्ष्मजीव संग्रह अशा ठिकाणांहून संस्था व महाविद्यालये ते मागवू शकतात. दुसरे म्हणजे कोंबुचा या आंबवलेल्या गोड चहाचे विरजण, ज्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात: यीस्ट साखर फोडून मद्यार्क करते, जिवाणू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात आणि सोबत सेल्युलोज विणतात. घरी काम करणाऱ्याने दुसऱ्या प्रकाराने सुरुवात करावी, कारण हा मिश्र समाज आम्लतेच्या बळावर स्वतःचे रक्षण करतो. शुद्ध जिवाणूला निर्जंतुक भांडी, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) आणि कसलेला हात लागतो.

विरजण म्हणून कोंबुचाच्या बरणीतली वरची जाड चकती घालण्यापेक्षा तिच्या खालचे आंबट पाणी अधिक महत्त्वाचे आहे, आणि तेही बरणीच्या वरच्या भागातले नितळ पाणी घ्यावे. तळाशी बसलेला तपकिरी गाळ म्हणजे यीस्ट; तो जास्त गेला तर सायीखाली वायूचे फुगे धरतात, साय पाण्यापासून उचलली जाते, कोरडी पडते आणि तिथेच बुरशी येते. बाजारात मिळणारे सुराचे (माडीचे) व्हिनेगर विरजण म्हणून वापरू नये. त्यातले जिवाणू जिवंत असले तरी सेल्युलोज विणणारे असतीलच असे नाही, आणि ते आपल्या जिवाणूंचे अन्न मात्र खातात. आम्लता आणण्यासाठी ते वापरायचे असेल तर आधी उकळून घ्यावे.

द्रावण

प्रयोगशाळांमध्ये १९५४ पासून हेस्ट्रिन आणि श्राम यांचे द्रावण प्रमाण मानले जाते. त्यात दर लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट अर्क, २.७ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट आणि १.१५ ग्रॅम सायट्रिक आम्ल असते आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) ६ च्या आसपास ठेवला जातो. ते महाग पडते, पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: पेप्टोन आणि यीस्ट अर्क नायट्रोजन पुरवतात, म्हणजे साखरेइतकेच नायट्रोजनलाही महत्त्व आहे. घरी अपयशी ठरणाऱ्या ट्रेमध्ये बहुधा साखर भरपूर आणि नायट्रोजन जवळजवळ नाही अशी स्थिती असते.

नारळपाण्याचे द्रावण असे करावे. खोबरे वाळवणाऱ्यांकडे किंवा तेलाच्या घाण्यावर पक्व नारळाचे पाणी ओतून दिले जाते. ते नारळ फोडल्यापासून दोन-तीन तासांच्या आत गाळून उकळावे, कारण आपल्याकडच्या उकाड्यात ते लगेच आंबू लागते. दोन लिटर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवावे. खताच्या दुकानातले सल्फेट न घेता प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्यावे. दहा मिनिटे उकळून, झाकून, पूर्ण गार होऊ द्यावे. मग व्हिनेगर घालत पीएच ४ ते ४.५ वर आणावा आणि २०० ते ३०० मिलिलिटर विरजण मिसळावे. द्रावण कोमट असताना विरजण घालण्याची घाई करू नये. हात सुखाने बुडवता आला तरी ते जिवाणूंना गरमच असू शकते, म्हणून थर्मामीटर ३० अंशांच्या खाली दाखवीपर्यंत थांबावे.

चहाचे द्रावण आणखी सोपे आहे. दोन लिटर पाण्याला १० ग्रॅम हिरवा चहा, १६० ग्रॅम साखर आणि नारळपाण्याइतकेच, म्हणजे २०० ते ३०० मिलिलिटर, विरजण घ्यावे. चहातले कॅफिन सेल्युलोजच्या निर्मितीला चालना देते असे आढळले आहे, म्हणून चहाऐवजी केवळ साखरपाणी वापरल्यास साय मरगळलेली येते. आपल्याकडच्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असते, आणि चहातील टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होऊन साय शाईसारखी निळसर काळी पडते. असे पाणी असेल तर गाळण यंत्राचे पाणी घ्यावे.

मार्च ते मे या काळात काजूच्या बोंडांचा ताजा रस, म्हणजे नीरो, हाताशी असतो. त्यात साखर भरपूर असते, पण टॅनिनमुळे तो घसा धरतो आणि जिवाणूंनाही जड जातो. तांदळाची घट्ट पेज ढवळून रस काही तास स्थिर ठेवला की टॅनिन पिष्टाबरोबर तळाशी बसते. वरचा नितळ रस काढून, समभाग पाणी घालून उकळावा आणि नारळपाण्यासारखाच वापरावा. बोंडे ठेचल्याबरोबर रस हाती यायला हवा, कारण फेणीच्या भाटीवर संध्याकाळपर्यंत राहिलेला नीरो आंबायला लागलेला असतो.

येथे एक ओढाताण समजून घ्यावी. शुद्ध जिवाणूला पीएच ५ ते ६ अधिक मानवतो. पण घरच्या उघड्या हवेत त्या पीएचला बुरशी आणि इतर जिवाणू आधी पोहोचतात. म्हणून घरी ४.५ च्या वर सुरुवात करू नये, थोडी वाढ कमी झाली तरी चालेल. पुढे जिवाणू ग्लुकोजचे ग्लुकोनिक आम्ल करत जातात, पीएच आणखी घसरतो आणि वाढ मंदावते. साखर दुप्पट केली तर आम्लही वाढते. म्हणून जास्त साखरेने जास्त साय मिळेल हा हिशेब जुळत नाही.

वाढ वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मद्यार्काचा आहे. द्रावणात साधारण एक टक्का इथेनॉल असले की जिवाणू ऊर्जेसाठी ते वापरतात आणि साखर सेल्युलोजकडे वळते. फेणीत सुमारे ४२ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे लिटरमागे २४ मिलिलिटर फेणी, द्रावण गार झाल्यावर, पुरेशी होते. वास धुण्यात निघून जातो. चहाच्या मिश्र विरजणात यीस्ट हे काम आपणच करते, तिथे वरून घालण्याची गरज नाही. रंगकामाचे स्पिरिट मात्र कधीही वापरू नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकते.

भांडे, जागा आणि शांतता

साय हवा आणि द्रव यांच्या सीमेवरच वाढते, कारण जिवाणूला प्राणवायू लागतो. नवा थर वरच्या, हवेकडच्या बाजूला तयार होतो आणि जुना खाली ढकलला जातो. म्हणून खोल बरणीपेक्षा पसरट ट्रे घ्यावा आणि द्रावणाची खोली दोन ते चार सेंटीमीटर ठेवावी. काच, स्टेनलेस स्टील किंवा अन्नासाठी चालणारे पॉलिप्रॉपिलीन यांपैकी काहीही चालते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड आम्लात विरघळतात, त्यामुळे ती भांडी बाजूला ठेवावीत. तोंडावर घट्ट विणीचे सुती कापड ताणून बांधावे. मलमल पुरत नाही, कारण चिलटे तिच्या छिद्रांतून अंडी घालतात. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आपली जुनी पद्धत इथे उत्तम काम करते.

तापमान २८ ते ३० अंश असावे. गोव्यात वर्षातील बहुतेक दिवस हे आपोआप साधते. एप्रिल-मेच्या दुपारी ट्रे आतल्या खोलीत जमिनीवर ठेवावा आणि डिसेंबरच्या रात्री त्यावर थर्मोकोलची पेटी पालथी घालावी, मात्र हवेसाठी फट ठेवावी.

आणि मग ट्रेला हात लावू नये. मजबुतीसाठी मी सांगू शकेन अशी ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. जिवाणू विणत असताना ट्रे हलला की द्रव सायीच्या वर येतो, आधीचा थर बुडतो, आणि त्याच्यावर नवा, वेगळा थर सुरू होतो. हे दोन थर एकमेकांत विणले जात नाहीत, केवळ टेकलेले राहतात. माझ्या पहिल्या ट्रेची तीन पाने अशीच झाली होती. सरकवण्याच्या जोडीला वरून ओतलेल्या ताज्या द्रावणाने प्रत्येक वेळी जुनी साय बुडवली. द्रावण वाढवायचेच असेल तर लावतानाच ट्रेच्या कोपऱ्यात तळापर्यंत जाणारी बारीक नळी बसवावी आणि तिच्यातून, थेंबाथेंबाने, सायीच्या खाली भरावे. गणेश चवथीच्या आधीची साफसफाई, वॉशिंग मशीनची थरथर, गडगडणारा पंप या सगळ्यांपासून लांबची जागा लावण्याआधीच शोधून ठेवावी.

तिसऱ्या दिवशी पृष्ठभागावर धुरकट पारदर्शक पडदा दिसतो आणि आठवड्याने दोन-तीन मिलिमीटरची गुळगुळीत साय तयार होते. खाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात, त्यांची चिंता नको. पृष्ठभागावर कोरडा, लोकरीसारखा, हिरवा, काळा किंवा पांढरा गोल डाग दिसला तर ती बुरशी आहे. पावसाळ्यात ती फार वेगाने येते. डाग कापून उरलेले वाचवण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. संपूर्ण ट्रे, विरजणासह, टाकून द्यावा आणि भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत.

चौदा ते एकवीस दिवसांत काढणी करावी. त्यापुढे आम्लता इतकी वाढलेली असते की साय फारशी वाढत नाही.

कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज किंवा अगर ही घट्टपणा आणणारी द्रव्ये द्रावणातच मिसळून उत्पन्न वाढवण्याची पद्धत शोधनिबंधांत वाचायला मिळते. त्याने उत्पन्न आणि पाणी धरण्याची क्षमता वाढते हे खरे. पण कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज तंतूंच्या जुळणीत अडथळा आणते आणि स्फटिकता, म्हणजे तंतूंमधली रेणूंची शिस्तबद्ध मांडणी, घटते. पहिल्या पाच-सहा ट्रेंमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नये.

धुणे

न धुतलेल्या सायीत साखर, आम्ल आणि मृत पेशी राहतात. साखर पावसाळ्यात हवेतले पाणी ओढते आणि कापड चिकट होते. पेशी तंतूंच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांशी हायड्रोजन बंधाने जुळू देत नाहीत. म्हणून धुणे ही मजबुतीची पायरी आहे.

साय एक दिवस साध्या पाण्यात, दोन-तीन वेळा पाणी बदलून, भिजवावी. नंतर दर लिटर पाण्यात २० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ८० अंशांवर एक तास ठेवावी. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, मुले त्या खोलीत नसावीत, आणि ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, कारण त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. पाणी चहासारखे तपकिरी होते आणि साय हळूहळू दुधाळ, नंतर जवळजवळ पारदर्शक होते. रंग उतरेपर्यंत ताज्या द्रावणात पुन्हा एकदा करावे, मग पाणी बदलत राहून पीएच ७ वर आणावा. शेवटून दुसऱ्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्याने हे लवकर साधते. वापरलेले कॉस्टिक व्हिनेगरने उदासीन केल्याशिवाय मोरीत सोडू नये. जांभ्या दगडातून पाणी सहज झिरपते आणि विहीर बहुधा हाकेच्या अंतरावर असते.

वाळवणे

ओली साय मोकळी ठेवली तर ती आक्रसते, कडा वळतात, आणि मध्ये सुरकुत्या पडून त्याच रेषांवर पुढे फाटते. तिला केवळ जाडीत आक्रसू द्यायचे आणि लांबी-रुंदीत अडवून धरायचे, हे वाळवण्याचे सूत्र आहे. त्याने तंतू पृष्ठभागाला समांतर झोपतात आणि एकमेकांना घट्ट धरतात.

आधी दोन सुती कापडांमध्ये साय ठेवून, वर फळी आणि फळीवर जांभ्याचा एक चिरा ठेवून, रात्रभर पाणी निथळू द्यावे. वजन एकदम टाकू नये, नाहीतर कडेने साय फुटते. सकाळी ती काचेवर पसरावी, मधून कडेकडे हात फिरवत हवेचे बुडबुडे काढावेत आणि कडा चारही बाजूंनी चिमट्यांनी लाकडी चौकटीशी अडकवाव्यात. पंख्याखाली, सावलीत, दोन-तीन दिवस लागतात. थेट उन्हात कडा आधी वाळतात आणि मधला भाग त्यांना ओढून फाडतो. पावसाळ्यात बंद खोलीत आर्द्रता कमी करणारे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर ४० ते ५० अंशांच्या हळू उष्णतेवर वाळवावे. काचेवर वाळलेली बाजू चकचकीत येते, लाकडावर वाळवल्यास लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उमटतात.

एकाच दिशेने ताकद हवी असेल, उदाहरणार्थ पट्ट्यासाठी, तर ओली असतानाच त्या दिशेने लांबीच्या १० ते २० टक्के सावकाश ताणून अडकवावी. तंतू ताणाच्या दिशेने रांगेत येतात. आडव्या दिशेची ताकद मात्र तेवढी घटते.

सुकलेला पापुद्रा ताठ आणि कडक असतो. पिशवीसाठी लवचीकपणा हवा असेल तर वाळवण्याआधी दोन-तीन टक्के ग्लिसरीनच्या पाण्यात काही तास बुडवावा. ग्लिसरीन तंतूंमध्ये शिरून त्यांना सरकू देते, म्हणून लवचीकपणा वाढेल तितकी ताण सहन करण्याची क्षमता कमी होते, आणि पाच टक्क्यांच्या पुढे पावसाळ्यात पृष्ठभाग ओलसर लागतो. पाण्यापासून बचाव करण्यासाठी मधमाश्यांचे मेण कोमट कापडाने चोळावे. ते शिंतोडे अडवते, पण भिजणे थांबवत नाही. भिजलेले सेल्युलोज कोरड्याच्या तुलनेत फारच कमकुवत असते, हे वापर ठरवतानाच लक्षात घ्यावे.

मोजमाप

प्रत्येक ट्रेचे कोरडे वजन लिहून ठेवावे. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये दोन सेंटीमीटर द्रावण म्हणजे २.४ लिटर होते. त्यातून सहा ग्रॅम कोरडे सेल्युलोज मिळाले, तर चौरस मीटरला ५० ग्रॅम पडतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. त्यामुळे एका ट्रेचे कापड कागदापेक्षा हलके निघाल्यास निराश होऊ नये.

ताकदीसाठी एक सेंटीमीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर लांब पाच पट्ट्या धारदार पात्याने कापाव्यात. कात्रीने कडेला दाते पडतात आणि पट्टी तिथूनच तुटते. मायक्रोमीटरने जाडी तीन ठिकाणी मोजावी. दोन्ही टोकांना जाड कागद चिकटवून वरचे टोक चिमट्यात धरावे, खालच्या टोकाला डबा लटकवावा आणि त्यात हळूहळू पाणी ओतावे. समजा ०.०५ मिलिमीटर जाडीची पट्टी डब्यासह ३ किलोवर तुटली. छेदाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मिलिमीटर, भार सुमारे २९ न्यूटन, म्हणजे ताकद ५९ मेगापास्कलच्या (चौरस मिलिमीटरला न्यूटनच्या) आसपास. प्रयोगशाळेत शुद्ध जिवाणूच्या, दाबून वाळवलेल्या पापुद्र्यांना २०० मेगापास्कल आणि त्याहून अधिक ताकद मिळालेली आहे, त्यामुळे पुढे जायला वाव भरपूर आहे. चिमट्यापाशी तुटलेली पट्टी हिशेबात धरू नये आणि पाचांची सरासरी घ्यावी.

काढणीच्या दिवशी प्रत्येक ट्रेमधले अर्धा लिटर नितळ आंबट पाणी स्वतंत्र बाटलीत काढून, कापडाने तोंड बांधून, ट्रेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. पट्ट्यांची चाचणी होईपर्यंत आठ-दहा दिवस जातात, तोवर ते सावलीत व्यवस्थित टिकते. नंतर ज्या ट्रेची पट्टी सर्वांत जास्त भारावर तुटली असेल, त्याच बाटलीतून पुढचे विरजण लावावे.